बुजवलेला झरोका

घाटमाथ्यावरच्या एका गावात तान्हूबाई नावाची एक बाई राहत होती. नवरा लवकर गेला. तिने म्हशी राखल्या, दुधाचा खवा केला आणि त्याच्या जिवावर हैबतीला, एकुलत्या एका मुलाला, लहानाचा मोठा केला. तिच्या खव्याला पंचक्रोशीत नाव होतं.

खव्याचं काम म्हणजे दिवसभर चुलीपुढं बसायचं काम. कढईतलं दूध आटेपर्यंत उलथनं फिरवत राहायचं. हात थांबला की तळ लागलाच. तान्हूबाईच्या चुलीच्या वर भिंतीत एक झरोका होता. त्यातून वारा येई आणि जाळ हले. दूध करपेल या भीतीने तिने तो चिंध्या कोंबून शेणमातीने बुजवून टाकला होता. वर माळा पेंढ्याने गच्च भरलेला. धुराला जायला दाराशिवाय वाट नव्हती.

हैबतीचं लग्न झालं आणि सगुणा सून म्हणून घरात आली. मऊ बोलणारी, कामाला वाघ. चूल तिच्याकडे आली. पुढे तिला मुलगी झाली, तरी खव्याचं काम काही सुटलं नाही. एक दिवस ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, झरोका मोकळा करू या का? दुपारपर्यंत माझं डोकं फुटायला होतं. मळमळतं."

"मी उभा जन्म याच धुरात काढला," तान्हूबाई म्हणाली. "मला काय झालं? डोळ्यांना पदर लावायचा आणि ढवळायचं."

सगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. हैबती दुधाच्या चरवीच्या तोंडाला गाळणं बांधत होता. तो खाली मान घालून बांधतच राहिला. तिने डोळ्यांना पदर लावला आणि ती पुन्हा ढवळू लागली.

तान्हूबाई दुष्ट नव्हती. सुनेवर तिचा जीवही होता. ती स्वतः नवी नवरी होती तेव्हा सासूच्या अशाच बोलण्यावर मोरीत बसून रडली होती. पण ते रडणं ती विसरली होती. आपण सोसलं, एवढंच तिच्या लक्षात होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

थंडीत जत्रा आली. खव्याला मागणी वाढली. सरपण दवाने ओलं झालं होतं. ते पेटायचं कमी आणि धुमसायचंच जास्त. सकाळी तान्हूबाई नातीला कडेवर घेऊन तयार खवा जत्रेत पोचवायला निघाली. हैबती वैरणीला गेला. जाताना तान्हूबाईने सुनेला सांगितलं, "दार लावून घे. वारा फार आहे." आणि सगुणाने दार लावून घेतलं.

दुपारी परतताना तान्हूबाईला गल्लीतच करपलेल्या दुधाचा वास आला. सगुणाच्या हातून दूध कधी करपलं नव्हतं. काय बोलायचं ते मनात जुळवत तान्हूबाईने दार ढकललं. धुराचा लोट तोंडावर आला. सगुणा चुलीपाशी कुशीवर पडली होती. उलथनं हातातच होतं. अंगावर कुठे भाजल्याची खूण नव्हती. झोप लागावी तशी ती पडली होती.

नातीला खाली उतरवून तान्हूबाईने सगुणाला ओढत अंगणात आणलं. तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. शेजारीपाजारी धावत आले. सगुणा उठली नाही.

दिवस झाले. पाहुणे गेले. हैबती ओटीवर बसून असायचा. तो आपल्याला बोलेल, याची तान्हूबाई वाट पाहत होती. शेवटी तीच म्हणाली, "बोल मला काहीतरी. ती मागत होती आणि मी नको म्हणाले."

"मीपण तिथंच होतो, आई," हैबती म्हणाला. "तिनं माझ्याकडं बघितलं होतं."

तो उठला आणि म्हशींना वैरण टाकायला गेला.

म्हशी दूध द्यायच्या थांबल्या नव्हत्या. एका सकाळी तान्हूबाईने पहार घेतली आणि आपल्या हाताने झरोका फोडला. चूल पेटवून कढई चढवली. धूर सरळ वर चढून बाहेर गेला. वारा आला, जाळ जरासा कलला. दूध करपलं नाही. तान्हूबाईचं उलथनं कढईत थांबलं आणि ती हमसून हमसून रडली. एवढंच करायचं होतं. एका सकाळचं काम होतं.

पुढे कुणाच्या घरी कोंदट खोलीत चूल दिसली की ती आत जाऊन सांगे, "धुराची वाट मोकळी ठेवा. लाकूड वाळवून लावा. चूल पेटती असताना दार लावू नका." कुणी ऐकत, कुणी हसून सोडून देत. ती पुन्हा जाऊन सांगे. घरी आल्यावर मात्र नात आई कुठं आहे म्हणून विचारी, तेव्हा ती तिला नुसतीच उचलून कडेवर घेई.

तात्पर्य: आपण सोसलं म्हणून दुसऱ्यानेही सोसावं, हा न्याय नव्हे. घरचं माणूस त्रास होतो म्हणालं की तेव्हाच ऐकावं, ऐकूनही गप्प बसू नये. आणि पेटत्या चुलीच्या धुराची वाट कधीही बंद करू नये.