ठकूबाईची कणीक

भानगीर महाराजांचा मुक्काम त्या वर्षी तळेवाडीच्या मारुती मंदिरात होता. उत्सवाच्या शेवटच्या दिवशी गावजेवण ठरले. आमटीची मोठी कढई विश्राम आचाऱ्याकडे होती. त्याच्या हाताला चव होती, आणि ती त्याला जरा जास्तच ठाऊक होती.

सकाळीच येसाजी नावाचा साधा भक्त फडक्यात मूठभर कणीक बांधून आला. त्याची बायको ठकूबाई महिन्यापूर्वी वारली होती. तिने जात्यावर दळलेले हे शेवटचे पीठ. घरात त्याला हात लावायचे येसाजीला धाडस झाले नव्हते.

"विश्रामभाऊ, एवढं प्रसादात घाला. तिच्या हातचं काहीतरी देवापुढे जाईल."

विश्राम हसला. "येसबा, एवढ्यात मुंग्यांची पंगत उठेल! जा, गाईला घाल."

पुरचुंडी छातीशी धरून येसाजी खांबाला टेकून बसला.

देवाला दाखवेपर्यंत नैवेद्य चाखायचा नाही, हा तिथला नेम. विश्रामने आमटीत मीठ घातले, मग बुंदीकडे गेला, आणि परत आल्यावर विसरून पुन्हा मीठ घातले. नैवेद्य झाल्यावर त्याने थेंबभर आमटी जिभेवर ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. तोंडात धरवेना! पंगती तर बसलेल्या. कढई काठोकाठ, पाणी घालायला जागा नाही. टाकून द्यावी, तर देवाला दाखवलेले अन्न.

तो धावत गेला. "महाराज, घात झाला!"

महाराज म्हणाले, "येसाजी, तुझी कणीक आण."

"कणकेचा गोळा घरच्या पातेल्यातलं मीठ ओढतो, ते मलाही कळतं," विश्राम म्हणाला. "पण एवढ्या कढईला ही मूठभर?"

"अरे, कणीक काय नुसती पोळीपुरती असते? पातेल्याचं झाकण लिंपायला तीच, देवापुढचा दिवा करायला तीच. तिला कमी लेखू नकोस. मळ रे येसाजी."

येसाजीने गोळे वळले. महाराजांनी ते कढईत सोडले आणि डोळे मिटले. आमटीला उकळी आली.

"आता चाख."

काय सांगावे भक्तहो! मीठ अगदी बेताचे. विश्रामने गोळा मोडून जिभेला लावला, तर तोही खारट नाही. मग मीठ गेले कुठे?

"पाणी," महाराज म्हणाले. त्यांचे ओठ फुटले होते आणि त्यांवर मिठाचा पांढरा थर धरला होता. विश्रामने पाणी आणले. महाराज तांब्यावर तांब्या पीत राहिले.

विश्राम त्यांच्या पायांवर कोसळला. "चूक माझी, आणि सोसलंत तुम्ही!"

"मला कशाला? ज्याला गाईकडे धाडलंस, त्याच्याकडे जा."

येसाजी तोवर पंगतीत आमटी वाढू लागला होता. ठकूबाईच्या हातचे देवाच्या प्रसादात मिसळून साऱ्या गावाच्या पोटात जात होते. विश्रामने भर पंगतीत त्याच्या पायांवर डोके ठेवले.

येसाजी गडबडला. "अहो उठा, अंगावर आमटी सांडेल!"

पण विश्राम बराच वेळ उठला नाही.