खिळ्यावरची चेन

सायकलीलाही नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, त्या काळातली गोष्ट. पास्कू पाववाल्याच्या जुन्या सायकलीची चेन एका सकाळी तटकन तुटली. मागच्या चाकावरचं दातेरी फ्रीव्हील मनातून खूश झालं. इतकी वर्षं त्या कळकट चेनीबरोबर काढली, आता आपल्याला कोरी करकरीत मिळणार!

दादू मिस्त्रीच्या दुकानात खिळ्यावर एक वापरून झिजलेली चेन लटकत होती. फ्रीव्हीलकडे निरखून बघत तिनं विचारलं, "मी येऊ का?"

"आधी आरशात तोंड बघ जा," फ्रीव्हील म्हणालं.

दादूनं नवी चेन चढवली. पास्कूनं पॅडल मारलं, तशी ती कडकड करत दातांवरून घसरली. पुन्हा बसवली, पुन्हा घसरली.

"हिला नीट बसताच येत नाही!" फ्रीव्हील ओरडलं.

"बसू कशावर? तुझे दात उरलेत कुठे?" नवी चेन फणकारली.

आपले दात फ्रीव्हीलनं कधी पाहिलेच नव्हते.

"पास्कूशेट, फ्रीव्हीलच काढून टाकू," म्हणत दादूनं हातोडी उचलली. तेवढ्यात दादूची नजर खिळ्याकडे गेली. "थांबा, ही एक लावून बघू."

ती झिजलेली चेन चढली आणि चाक बिनबोभाट फिरायला लागलं.

पावांची टोपली घेऊन सायकल उताराला लागली, तेव्हा फ्रीव्हील ओशाळून म्हणालं, "मघाशी उगाच बोललो गं. आरशात बघ म्हणालो."

"आरशातच बघत होते की," चेन म्हणाली. "तुझ्याकडे बघूनच तर विचारलं होतं."