हौसामावशीचा माठ

"मग आबांचा डोस निम्मा करू ना, मॅडम?"

डॉक्टर निशिकांतनं रिपोर्ट असा धरला होता, जसा काय पोराचा पहिला नंबर आलाय.

आबा म्हणजे मी. पायाची जखम हाडापर्यंत गेलेली. औषध जालीम. कमी पडलं तर पाय जाणार, जास्त झालं तर किडनी. आन् माझी एक तर आधीच बसलीय. म्हणून दुसरी बाटली लावायच्या वेळेला रक्तात औषध किती उरतंय, ते बघायचं होतं.

बघितलं. लई निघालं.

रक्त काढताना मी म्हणलं होतं, डॉक्टर, बाटली आत्ताच तर संपली. तर म्हणाला, आबा, डॉक्टर कोण, तुम्ही का मी?

म्हणलं, तुम्हीच. माझ्या गळ्यात कुठाय नळी.

निमाबाई थोरल्या डॉक्टर. केस पिकलेले, बोलणं थोडं. त्यांनी रिपोर्ट हातात घेतलाच नाही. वॉर्डातल्या माठाकडं बोट केलं.

"वॉर्डाला पाणी पुरतं का, बघून सांग."

त्यानं झाकण काढलं. माठ काठोकाठ.

"भरपूर आहे, मॅडम. कुणी पीतच नाही. उद्यापासून निम्माच भरायला सांगतो."

वॉर्डातली आया हौसामावशी रिकामी कळशी घेऊन तिथंच उभी, भिजला पदर पिळत.

"आत्ता तर ओतलं," ती म्हणाली.

सगळा वॉर्ड फिदीफिदी. मी जरा जास्तच.

बाई हसल्या नाहीत...

डॉक्टर माठाकडं बघत राहिला. मग माझ्या हाताच्या सुईकडं. मग घड्याळाकडं. कान लाल.

दुसऱ्या दिवशी बाटली लावायच्या आधी तो स्वतः रक्त घ्यायला आला. पहिल्यांदा मलाच विचारलं, आबा, कालची बाटली कधी संपली? मी म्हणलं, डॉक्टर कोण? हसला बिचारा, आन् खुर्ची ओढून बसला.

रिपोर्ट येईस्तोवर बाटली थांबवली. बाईंनी माठपण थांबवला, मावशीला भरू दिला नाही. वॉर्ड तहानेनं कुरकुरायला लागला.

दुपारी रिपोर्ट आला. जेवढं उरायला पाहिजे, तेवढंच उरलेलं.

"मॅडम... डोस पुरा देऊ?"

बाई माठात वाकल्या. ओगराळं पार तळापर्यंत गेलं. एक पेला निघाला. तो त्यांनी त्याच्या हातात दिला.

तो प्यायला. सावकाश...

"मावशी," बाई म्हणाल्या, "भरा आता."