सात सुधारणा आणि एक वैद्य

राजाचा हुकूम आला तो असा: उद्या पौर्णिमेला सूर्य माथ्यावर येईल तेव्हा कुंडलगावच्या सरकारी दवाखान्यासमोर रांग दिसता कामा नये. दिसली, तर दवाखान्याला कुलूप लागेल आणि वैद्यबुवांना राजधानीत हलवलं जाईल.

रांगेत रोज ऐंशी माणसं. वैद्य एक. मदतीला औषधं कुटणारी हौसा, तीही एकच.

राजा भूपालराव वाईट नव्हता. प्रजेच्या तब्येतीची त्याला मनापासून काळजी होती आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. वर्षभरात त्याने दवाखान्यात सात सुधारणा केल्या आणि प्रत्येक सुधारणेवर एक अधिकारी नेमला. हे सात जण रोज सकाळी वैद्यबुवांसमोर येऊन बसत. पहिला विचारी, काल किती रोगी तपासले? दुसरा विचारी, ते बरे झाले का? तिसरा विचारी, बरं झाल्याचं त्यांना समाधान वाटलं का? चौथा, पहिल्या तिघांनी नीट विचारलं का ते विचारी. उरलेले तिघे कशासाठी येत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण ते कधी उशिरा आले नाहीत. सगळ्यांना उत्तरं देऊन वैद्यबुवा पहिल्या रोग्याची नाडी हातात घेत, तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं असे.

कुंडलगावात रांगेत माणसं उभी राहत नसत. तापाने फणफणलेला माणूस उभा कसा राहणार? प्रत्येकाने आपलं पायताण रांगेत ठेवायचं आणि वडाखाली जाऊन टेकायचं. अनवाणी आलेला आपली टोपी ठेवी. दुसऱ्याच्या वहाणेला कोणी हात लावत नसे.

सातांचे प्रमुख केसोपंत ही रांग रोज काठीने मोजून राजाला कळवत. एकदा त्यांनी दोन्ही वहाणा शेजारी न ठेवता एकीवर एक ठेवायला लावल्या. रांग निम्म्या जागेत मावली. राजाने खूश होऊन त्यांना शाल दिली. रोगी होते तेवढेच होते.

हुकूम ऐकताच हौसाला आई आठवली. तिच्या आईला दमा होता. रोज इथला अडुळशाचा काढा पोटात गेला, तरच म्हातारीला धड श्वास घेता येई. दुसरा दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर, आणि म्हातारीला अंगण ओलांडवत नव्हतं.

"वैद्यबुवा, एका सकाळी ऐंशी जण तपासून व्हतील का?" तिने विचारलं.

"रोगीच आले तर होतील," वैद्यबुवा म्हणाले.

हौसाने मान डोलावली. मग दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यावर काय लिवलंय, तेवढं वाचून दावा."

ती राजाची पहिली सुधारणा होती. रोग्यांना ती वाचण्याचं त्राण नव्हतं आणि अधिकाऱ्यांनी ती स्वतःच लिहिलेली असल्यामुळे वाचली नव्हती. वैद्यबुवांनी वाचून दाखवली: 'दवाखान्यात लहानथोर सर्व सारखे. वैद्यांकडे प्रत्येकाने आपल्या पाळीनेच जावे.' खाली राजाची मोहर.

पौर्णिमेला सकाळी सात अधिकारी आले, तर हौसा उंबऱ्यातच खलबत्ता घेऊन बसलेली.

"बाजूला हो," केसोपंत म्हणाले.

"जोडे रांगेत ठिवा, सायेब. शेवटाला."

"आम्ही काय आजारी आहोत?"

"मग कशापायी घाई करता? घाई आजाऱ्याला असती."

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"हाय की. ही पाटी तुमीच लिवलीया. मोहर महाराजांची हाय. मोडायची असंल तर मोडा, मी बाजूला हुते."

केसोपंतांनी मोहरेकडे पाहिलं. मग जोडे काढले. बाकीच्या सहा जणांनीही काढले. सातही जण वडाखाली, खोकणाऱ्या मंडळींमध्ये, धोतरं सावरून बसले.

आत वैद्यबुवांनी वर्षभरात पहिल्यांदाच सकाळच्या थंडाव्यात पहिली नाडी धरली. एकेक पायताण उचललं जाऊ लागलं.

सूर्य माथ्यावर आला तशी राजाची पालखी आली. मागून एक शिपाई भलंमोठं कुलूप घेऊन चालत होता. राजा उतरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दारासमोर सात जोडे ओळीने ठेवलेले होते, तेही चांगले जरीचे.

"रांग आहे!" राजा म्हणाला. "कुलूप लावा."

हौसा उंबऱ्यातून उठली नाही. "लावा, महाराज. पर आधी ही रांग कुणाची, तेवढं इचारा."

राजाने विचारलं. वडाखालून सात जण खाली मान घालून पुढे आले.

"केसोपंत? काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही, महाराज. मी ठणठणीत आहे."

"मग रांगेत कशाला?"

"वैद्यांना विचारायचं होतं, महाराज," केसोपंत म्हणाले, "की रांग का संपत नाही."

राजाने दारातून आत पाहिलं. वैद्यबुवा हात धूत होते. आत रोगी एकही नव्हता.

"आज हे भायेर बसले, महाराज," हौसा म्हणाली, "म्हणून संपली."

राजाने सात जोड्यांकडे पाहिलं. मग त्याच्या पोटातून जे हसू उसळलं, ते थांबेना. शेवटी डोळे पुसत त्याने कुलूपवाल्या शिपायाला परत पाठवलं. "दवाखाना इथेच राहील, वैद्यही इथेच राहतील. बाई, तुला काय हवं ते माग."

"ही सात माणसं द्या."

"यांचं काय करणार?"

"ठणठणीत हायत, हात रिकामे हायत. आन हिरडा कुटायला मी एकटी."

राजाने सातही जण तिथल्या तिथे तिच्या हाताखाली दिले आणि हौसाला त्यांची अधिकारी नेमलं. आईचा काढा घरी पोचवून ती परत आली, हिरडा कुटत बसलेल्या सातांसमोरून सावकाश एक फेरी मारली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "बारीक झालं का?"