मोगरीवाल्याचा नारळ

डोंगरउतारावरच्या एका गावात एक कारभारी होता. माणूस कामाचा, पण मानाचा भारी भुकेला. वर्षातून एकदा देवाचा रथ निघायचा. तेव्हा कारभाऱ्याने रथावर उभं राहायचं आणि खालच्या पेठेत पोचेपर्यंत उतरायचं नाही, अशी तिथली रीत.

निघण्याआधी तो रथावरून वाकून प्रत्येक सेवेकऱ्याच्या हातात मानाचा नारळ देई. एका वर्षी असाच दोर ओढणाऱ्यांना दिला, ढोलवाल्यांना दिला. शेवटी आला मोगरीवाला. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. रथ थांबवायचा, वळवायचा तो यानेच. नुकतंच आसाला वंगण घालून आलेला, कोपरापर्यंत काळाकुट्ट. आणि कारभाऱ्याच्या खांद्यावर जरीचं कोरं उपरणं. ते डागाळेल म्हणून त्याने रथावरूनच नारळ खाली टाकला. म्हणाला, "घे रे."

नारळ धुळीत पडला. मोगरीवाल्याने तो उचलला नाही. मोगरी चाकापाशी ठेवली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसला.

"कारभारी, तो रुसला," कुणीतरी म्हणालं.

"रुसू द्या. ठोकळा सरकवायला काय, कुणीही चालेल."

दुसऱ्याच एकाला चाकापाशी उभं केलं आणि रथ निघाला. सपाटीवर सगळं झकास. मग लागला उतार. नव्या माणसाने मोगरी पुढे केली खरी, पण चाक अंगावर येताना पाहून बिचाऱ्याने हात मागे घेतला. रथ घसरला. नशीब थोर, म्हणून एका धोंड्याला चाक अडलं.

कारभाऱ्याने खाली पाहिलं. उताराच्या तळाशी बायापोरं ओवाळायला थांबली होती आणि सगळ्यांच्या पुढे, पाटावर, त्याची म्हातारी आई. तिला तर उठून बाजूलाही होता आलं नसतं.

तो खाली उतरायला लागला.

"कारभारी, मधेच उतरत नाहीत," लोक म्हणाले.

त्याने ऐकलं नाही. चाकाला आणखी धोंडे लावायला सांगितले आणि सगळ्या गावादेखत देवळाकडे परत गेला. नारळ तिथेच पडला होता. त्याने तो उचलला, कोऱ्या उपरण्याने पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"चुकलं माझं, दादा. चला."

मोगरीवाल्याने नारळ कपाळाला लावला. "रथ कुठं उभा आहे?"

"उताराच्या तोंडाशी."

"आणि तुम्ही इथं बोलत बसलाय? चला आधी."

या खेपेला कारभारी रथावर चढला नाही. चाकाशेजारून चालला. मोगरी बसवताना या माणसाची बोटं दर वेळी चाकाखालून जेमतेम सुटतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं आपण वर ऐटीत उभे होतो आणि खाली हे चाललं होतं. त्याला फार लाज वाटली.

रथ हळूहळू तळाशी येऊन थांबला. कारभाऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो आईशेजारी जमिनीवरच बसला.

"आज खाली का रे उतरलास?" आईने विचारलं.

"वरून चाक दिसत नव्हतं, आई."

म्हातारीने देवाला ओवाळलं. मग मोगरीवाल्याला जवळ बोलावून, लेकाच्याही आधी, त्याला ओवाळलं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या हातावर आपला रथ सुखरूप चालतो, त्याला मान देताना आपला हात आखडू नये.