घोंगडीतलं यंत्र

"माई, तुमच्यावर तरी विश्वास ठेवू का?"

सुगंधाने बसायच्या आधीच विचारलं. घोंगडीत गुंडाळलेलं जड काहीतरी तिने छातीशी धरलं होतं.

"नको ठेवूस," माई म्हणाल्या.

सुगंधा चपापली. टेकडीवरच्या या मठात ती लहानपणापासून येत होती. माईंनी तिला कधी असं उत्तर दिलं नव्हतं.

बाहेर एक बाई अंगण झाडत होती. सुगंधाने उठून दार लोटून घेतलं.

"काय आहे त्यात?"

"काजूबी फोडायचं यंत्र. हाताला चीक लागत नाही."

"कसं काय?"

सुगंधाने घोंगडी आणखी घट्ट आवळली.

पहिलं यंत्र तिने भोळेपणाने कारखानदार खवणेकरांना दाखवलं होतं. पावसाळा सरायच्या आत त्यांनी तसंच करवून घेतलं, वर आपलं नाव कोरलं. प्रदर्शनात शाल त्यांच्या खांद्यावर पडली. सुगंधा बोलायला गेली, तर ते हसून म्हणाले, "बाईमाणसाला हे कुठून सुचणार?" लोकांनाही ते पटलं. पुढे ते यंत्र बिघडलं, अडगळीत गेलं, आणि कारखान्यातल्या बायकांचे हात पुन्हा चिकाने जळू लागले.

बिघाड कशाने होतो, ते सुगंधाने पुढे शोधून काढलं. नवं यंत्र केलं. पण ते घोंगडीबाहेर आलंच नाही.

"कुडाळच्या वकीलबाई म्हणतात, पेटंट घे," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यासाठी म्हणे सगळं लिहून द्यायचं. पातं कुठे वाकवलं, का वाकवलं. पुढे ते कुणालाही वाचता येणार. जपायचं म्हणून सांगून टाकायचं? मला यात काळंबेरं दिसतं."

"वकीलबाई कशा आहेत?"

"खवणेकरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला होत्या."

कोपऱ्यात काजूबियांची टोपली होती. त्यांनी एक बी जमिनीवर ठेवली, दगड घेतला आणि फोडली. काळा चीक बोटांवर आला. त्यांनी दुसरी बी घेतली.

"माई, हात भाजेल."

तिसरी.

"माई, थांबा ना..."

चौथ्या बीला दगड उचलला, तेव्हा सुगंधाने घोंगडी ओढून काढली. यंत्र माईंच्या पुढ्यात सरकवलं.

"यात घाला."

माईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"झाक ते."

"तुमच्यासाठीच उघडलं."

"माझे हात जळताना तुला बघवेना. उद्या खवणेकर कुणाचे तरी हात तुझ्यापुढे धरतील. झाक. आधी कुडाळला जा. काय केलंस ते सगळं लिहून दे, खाली तुझं नाव घाल. मग ये. मग मी बघेन."

सुगंधाने यंत्र पुन्हा गुंडाळलं. खोबरेल आणून माईंच्या बोटांना लावलं. कातडी लाल झाली होती. आपण हे आधीच का उघडलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी हेही आलं की माईंनी डोळे खरंच पूर्ण मिटले होते ना...

दाराशी जाऊन ती थांबली.

"आणि वकीलबाईंनीच चोरलं तर?"

माई बोटांवर फुंकर घालत होत्या.

"मग तुझ्या नावाचा कागद दाखवून चोरी झाली, असं तरी तुला म्हणता येईल."