न पेटलेला टेस्टर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध वीजतंत्री राहत असे. घरांच्या ओसरीपासून देवळाच्या कळसापर्यंत गावातील बहुतेक दिवे त्याच्या हातचे होते. त्याच्याकडे एक शिष्या शिकत होती. वडील गेल्यावर आई आणि दोन भावंडे तिच्यावर आली, म्हणून कॉलेज सोडून तिने ही विद्या पत्करली होती. दोन वर्षे तिने गुरूच्याच हत्यारांनी काम केले.

त्या वृद्धाची एक रीत होती. शिष्याने खंडेनवमीपूर्वी आपली हत्यारे आपण निवडावीत, गुरूच्या हत्यारांशेजारी पूजेला मांडावीत, आणि पुढे गुरूने ‘जा’ म्हटले तरच एकट्याने कामाला जावे. या एका शब्दावर तिच्या घराची सारी आशा होती.

खंडेनवमी जवळ आली तशी दोघे हत्यारांच्या दुकानात गेली. वृद्ध स्टुलावर बसून राहिला. तिने एकेक पक्कड मिटून उजेडासमोर धरली. जबड्यांत फट दिसली, ती परत ठेवली. पेचकसाच्या मुठी तिने तळहात ओला करून आवळून पाहिल्या.

दुकानदार कंटाळून म्हणाला, “ताई, पक्कड घ्यायला आलात की नवरा निवडायला?”

“नवरा फसवा निघाला तर माहेरी परत येता येतं,” ती म्हणाली. “पक्कड फसवी निघाली तर तेही नाही.”

वृद्ध गालात हसला.

टेस्टर दुकानदाराने स्वतःच चालू प्लगला लावून दाखवला. आतला दिवा पेटला. तिने तो पिशवीत टाकला. तेव्हा वृद्ध उठला आणि दुकानदाराला म्हणाला, “शेठ, अगदी असाच एक बिघडलेला असेल तर मला द्या.”

“बिघडलेला? परत आलेला एक पडलाय खरा. पण काका, त्याचं काय लोणचं घालणार?”

“घालीन की.”

शिष्येला नवल वाटले. पण वयाचा मान राखून तिने विचारले नाही.

खंडेनवमीला पाटावर दोघांची हत्यारे मांडली गेली. गंध लागले, झेंडूची फुले वाहिली. दसरा झाल्यावर पहिले काम पिठाच्या गिरणीतले निघाले. तेथला जुना बोर्ड बदलायचा होता. ती पोहोचली तेव्हा वृद्ध आधीच येऊन पोत्यावर बसला होता.

“तू कर,” तो म्हणाला. “मी नुसता बसतो.”

तिने खटका बंद केला, बोर्ड उघडला, तारेला टेस्टर लावला. तो पेटला नाही.

“लाइन बंद आहे,” म्हणून तिने तारेकडे हात नेला. वृद्धाने उठून तिचे मनगट धरले.

“कशावरून?”

“टेस्टर पेटला नाही ना, काका.”

वजनकाट्याच्या वर दुसऱ्या लाइनचा दिवा जळत होता. वृद्धाने त्याच्या खालच्या प्लगकडे बोट केले. “तिथं लाव.”

तिने लावला. टेस्टर पेटला नाही. तिने पुन्हा लावला. मग तिला उमगले, टेस्टरच बिघडलेला होता.

वृद्धाने खिशातून चिनीमातीचा फ्यूज काढून तिच्या तळहातावर ठेवला. “या तारेचा फ्यूज सकाळपासून माझ्या खिशात आहे, पोरी. तुला धोक्यात घालीन का मी? पूजेच्या पाटावरून तुझा टेस्टर मी उचलला आणि दुकानातून आणलेला तो बिघडलेला तिथं ठेवला.”

वृद्ध सावकाश बोलू लागला.

“माझा धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली शिकला. हत्यार पारखण्यात तुझ्यासारखाच चोख. त्याचा टेस्टर सकाळी पेटत होता. दुपारी तो टेस्टर शिडीवरून खाली पडला, आतला दिवा फुटला. ते त्याला कळलं नाही. संध्याकाळी टेस्टर पेटला नाही, आणि त्यानं तार धरली.” “टेस्टर पेटतो तेव्हा साक्ष देतो. पेटत नाही तेव्हा तो नुसता गप्प असतो. त्याला बोलता येतंय का, हे आधी चालू प्लगवर पाहायचं आणि मगच तारेला लावायचा. पक्कड तू दुकानात एकदा निवडलीस, पुरे झालं. टेस्टर दर वेळी नव्यानं निवडावा लागतो.”

“मग मी अजून एकटी जायचं नाही?” तिने हलक्या आवाजात विचारले.

वृद्धाने तिचा टेस्टर तिला परत दिला. “उद्या सकाळी घरी ये,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुरूच्या घरी आली. तिच्याबरोबर निघायला वृद्धाने आपली हत्यारांची पिशवी खांद्याला लावली होती. देवघरात विजेचा लहानसा दिवा जळत होता. तिने प्रथम त्याच्या प्लगला टेस्टर लावला. तो पेटला. नंतर तिने हात जोडून देवाला नमस्कार केला.

वृद्धाने आपली पिशवी खुंटीला परत अडकवली.

“जा,” तो म्हणाला. “आणि दुपारी जेवायला इकडेच ये.”

घरातील माणूस गप्प आहे, म्हणजे त्याचे सारे ठीक आहे, असे आपण धरून चालतो. त्याला आपल्यापाशी बोलता येते का, हे आधी पाहावे.